अक्कोरूंकडचा दुसरा भाग

धारवाडच्या माळमड्डीत सावंत्रव्वा मुळगुंद यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, थोरली जाऊ बेळगावला असायची. बाकी सगळ्या गल्लीला त्या अक्कोरू. शाळेतल्या बाईंना आमच्याकडे अक्कोरू म्हणतात, आणि ज्यांना त्यांनी एक अक्षरही शिकवलं नाही ती माणसंसुद्धा त्यांना अक्कोरूच म्हणत. मला मात्र त्यांनी खरोखर शिकवलं होतं, चौथीत. पुढे मी महिलांच्या वाचनालयात पुस्तकं द्यायला-घ्यायला बसू लागले, तरी त्या समोर आल्या की माझे हात आपोआप पाठीमागे जात.

दोन खोल्यांचं घर, पुढे दगडी कट्टा, अंगणात एक सोनचाफा, कुंडीत अबोली आणि कुंपणाला मेंदी. नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी अबोलीला आणि अंघोळीचं चाफ्याला, असा त्यांचा हिशेब ठरलेला. चैत्र सरत आला, चाफा फुलला, की दुपारी चारला कट्ट्यावर चटया पडायच्या. चन्नव्वा हंचिनाळ यायची, इंदक्का यायची, वाचनालय बंद करून मी जायची, आणखी एकदोघी असायच्या. अक्कोरू चष्मा पुसायच्या, कादंबरीत घातलेली लग्नपत्रिकेची पट्टी काढायच्या आणि वाचायला लागायच्या. पाऊस लागेपर्यंत रोज एक तास. सोळा वर्षं असं चाललं होतं.

त्यांचे नियम होते. निवडायला तांदूळ आणलेले चालत, पण सूप पाखडायचं नाही. मध्येच "अगं बाई" म्हणायचं नाही. हसायचं असेल तर पदरात. पुरुषाचं बोलणं आलं की अक्कोरू आवाज जाड करायच्या, आणि तो ऐकून पदरात हसू दाबणंसुद्धा अवघड व्हायचं. पण वाचायच्या छान. स्वच्छ, न अडखळता, स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा.

त्या वर्षी माघात शेजारच्या घरात कस्तूरी बेटगेरी राहायला आल्या. त्यांचे यजमान जंगल खात्यातून निवृत्त झाले होते. सगळा जन्म सिरसी, यल्लापूर, दांडेलीच्या क्वार्टरमध्ये गेलेला. सामानाचे दोन ट्रक आले, त्यातला एक नुसता कुंड्यांचा. वर त्या घराच्या परसात विहीर. मे महिन्यातही पाणी असलेली.

त्यांचा मोगरा फुलला तेव्हा असा फुलला की त्याचा वास मेंदी ओलांडून अक्कोरूंच्या स्वयंपाकघरात यायला लागला.

"मी खिडकी लावून घेते," त्या मला म्हणाल्या. "डोकं दुखतं त्या वासानं."

चाळीस वर्षं वेणीत मोगरा माळलेल्या बाईचं डोकं मोगऱ्यानं दुखलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

कस्तूरी गल्लीत सगळ्यांना फुलं वाटायची. अक्कोरूंनाही केळीच्या पानात बांधून पाठवायची. अक्कोरू ती देवाला वाहायच्या, स्वतः एक माळायच्या नाहीत. "देवाला काय, कुणाचीही चालतात," म्हणायच्या.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण वैशाख लागता लागता जावेकडे लग्न निघालं आणि अक्कोरू आठ दिवस बेळगावला गेल्या. चारला सवयीनं बायका गल्लीत आल्या आणि कुलूप बघून उभ्या राहिल्या. माझ्या हातात नुकतीच वाचनालयात आलेली कादंबरी होती, दोन भागांतली, वरदा नदीकाठच्या तुळसा आणि काशी या बहिणींची. अक्कोरूंसाठी म्हणूनच मी पहिला भाग बाजूला ठेवला होता. कस्तूरीनं फाटकातून हाक मारली, "उन्हात काय उभ्या राहिलात? आत या, कोकमाचं पाणी केलंय." आम्ही आत गेलो. फणसाचे पापड आले. तिनं पुस्तक चाळलं आणि सहज विचारलं, "वाचू का मी थोडं?"

ती अडखळायची. ओळ चुकायची, परत मागं यायची. मध्येच पुस्तक मांडीवर ठेवून म्हणायची, "ही तुळसा बघा, आमच्या यल्लापूरच्या पोस्टमनच्या बायकोसारखी. नवऱ्याला पत्रं वाटायला पाठवायची आणि त्याच्याआधी सगळ्यांना मजकूर सांगून यायची." आम्ही मोठ्यानं हसायचो. सूप पाखडलं तरी चालायचं.

अक्कोरू परत आल्या तोवर पहिला भाग अर्धा झाला होता. त्यांनी चटया घातल्या. चन्नव्वा सांगायला गेली, मीही मागे होते.

"अक्कोरू, एवढा वाचून झालाय, आता तो भाग तिथंच होऊ दे. तुम्हीपण या की."

"मी?" अक्कोरूंनी चष्मा काढला. "कशाला?"

"ऐकायला."

"ऐकायला," अक्कोरू म्हणाल्या, जणू चन्नव्वानं त्यांना परत पहिलीच्या वर्गात बसायला सांगितलं होतं. "बरं. बघू."

त्या गेल्या नाहीत. रोज चारला कट्ट्यावर पुस्तक उघडून, शेजारच्या घराकडे पाठ करून बसायच्या. हसण्याचा आवाज आला की पान उलटायच्या. पुढे त्यांनीच मला सांगितलं, "मंदा, त्या आठवड्यात मी एकशे साठ पानं उलटली. काय वाचलं विचारशील तर एक ओळ सांगता येणार नाही."

पहिला भाग संपायला दोन दिवस उरले होते. काशी ऐन पुरात घर सोडून गेली होती आणि तुळसा घाटावर उभी राहून हाका मारत होती. त्या दिवशी सकाळी अक्कोरू वाचनालयात आल्या.

"त्या कादंबरीचा दुसरा भाग दे."

"अक्कोरू, तो परवा आपल्या बायकांना..."

"कुणी नाव लावून ठेवलंय?"

"नाही, पण..."

"मग आधी मागेल त्याला मिळतो ना? का तुमच्याकडे वेगळी पद्धत आहे?"

एकच प्रत होती. माझे हात पाठीमागे गेले, मग पुढे आले, आणि मी शिक्का मारला. त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं. सोळा वर्षांत त्यांना पुस्तक झाकून नेताना मी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी चन्नव्वा आली. "दे गं दुसरा भाग."

"बाहेर गेलाय."

"कुणाकडे? मी मागून आणते."

"सांगायची पद्धत नाही," मी म्हटलं. अशी पद्धत मी त्याच क्षणी सुरू केली.

त्या दिवशी कस्तूरीच्या अंगणात सगळ्यांचे चेहरे उतरले. तुळसा घाटावरच अडकली. इंदक्का म्हणाली, तिला तर जेवण जाणार नाही. कस्तूरी मोगऱ्याच्या आळ्यातलं तण उपटता उपटता म्हणाली, "पुस्तक नाही तर नाही. पुढं काय झालं असेल ते मी सांगते. काशी वाहून गेली नाही. ती पलीकडच्या काठाला लागली, तिथं गाडीवान भेटला आणि ती गेली गदगला."

"गदगला कशाला?" चन्नव्वानं विचारलं.

"खानावळ काढायला. हाताला चव होती ना तिच्या? पहिल्या भागात नाही का, एळ्ळुकायीच्या मोठाल्या लिंबांचं लोणचं..."

आम्ही सरसावून बसलो.

अक्कोरूंची अपेक्षा होती की आता बायका निमूट परत येतील. चार वाजले, सव्वाचार झाले. पलीकडून आधी हसणं आलं आणि मग शांतता. त्या शांततेनं त्यांचा घात केला. हसणं पापडांमुळे, गप्पांमुळे, कशानंही येऊ शकतं. पण पाच बायका एकदम गप्प कधी होतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्या उठल्या, हातात तांब्या घेतला आणि मेंदीच्या कोपऱ्यात, कढीलिंबाच्या झाडाआड जाऊन उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं. पुस्तकातली काशी पहिल्या तीस पानांत आजारी पडून घरी परतली होती. "थिल्लर सांगते ती बाई," अक्कोरू स्वतःशी म्हणाल्या. "खानावळ काय, गदग काय." दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असतानाच त्या कढीलिंबाखाली होत्या. तिसऱ्या दिवशी तांब्यात पाणी घ्यायलाही विसरल्या.

पुस्तक त्यांनी चार दिवसांत संपवलं. वह्या तपासाव्यात तसं, म्हणाल्या. काशी शंभराव्या पानावर गेली आणि त्यांना काही वाटलं नाही, कारण त्यांचं मन गदगला होतं. तरी पंधरा दिवस झाल्यावर त्यांनी माझ्याकडून तारीख वाढवून नेली. मी मान वर केली नाही. त्यांनीही केली नाही.

आणि मग तो दिवस आला. कस्तूरीच्या गोष्टीत वीस वर्षं लोटली होती. तुळसा बहिणीला शोधत गावोगाव फिरून गदगला पोचली होती. भुकेली होती, समोर खानावळ दिसली, ती आत शिरली. केस पिकलेले, ओळखू न येणारी. मालकीणबाई स्वतः वाढायला आली. भाकरी वाढली. वांग्याची भाजी वाढली. शेंगदाण्याची चटणी वाढताना तिनं ताटाकडे बघितलं...

"बाकीचं उद्या," कस्तूरी म्हणाली. "मला यांच्या चहाचं बघायचंय."

"ओळखलं का नाही तिनं?"

आवाज मेंदीतून आला. खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

आम्ही सगळ्या वळलो. कढीलिंबाआड चष्मा दिसत होता.

"अक्कोरू?" चन्नव्वा उभी राहिली. "तिकडे काय करताय?"

"पाणी घालतेय."

"मेंदीला? रिकाम्या तांब्यानं?"

अक्कोरूंचा चेहरा लाल झाला. तिथून मुकाट्यानं आत गेल्या असत्या तर कुणी काही बोललं नसतं. पण इतक्या दिवसांचं साठलेलं उसळून वर आलं. "आणि हे सगळं खोटं आहे! कुठली खानावळ? शंभराव्या पानावर काशी मरते!"

 मग चन्नव्वानं एकेक शब्द वेगळा करत विचारलं, "तुम्हाला, कसं, ठाऊक?"

मी माझ्या पायाचा अंगठा बघत होते.

अक्कोरू घरात गेल्या, पुस्तक घेऊन आल्या आणि मेंदीवरून पुढे धरलं. चन्नव्वा भडकली. "तीन आठवडे घरात दाबून ठेवलंत? आम्ही काय पाप केलं होतं? सोळा वर्षं तुमच्या कट्ट्यावर तोंड दाबून हसलो आम्ही! आणि तू गं मंदे, पद्धत नाही म्हणे!"

कस्तूरीनं मात्र पुस्तक घेऊन आधी शंभरावं पान काढलं. वाचलं. तिचा चेहरा खरोखर पडला.

"मरते हो खरंच," ती म्हणाली. "आणि मी तिला खानावळ काढून दिली."

इंदक्काला हसू फुटलं, मग मला. चन्नव्वा हसली नाही. कस्तूरीनं पुस्तक परत मेंदीवरून पुढे केलं. "अक्कोरू, तुम्हीच वाचा. खरं काय आहे ते यांना कळू दे. तुमच्यासारखं स्वच्छ मला वाचता येत नाही, हे काय मला कळत नाही?"

हेच तर त्यांना हवं होतं. पाच बायका, पुस्तक, आणि समोरची स्वतः मागे सरणारी. पण अक्कोरूंनी हात पुढे केला नाही.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तिनं ओळखलं का, ते आधी सांग."

"ते मला तरी कुठं ठाऊक?" कस्तूरी म्हणाली. "उद्या चारपर्यंत सुचेल काहीतरी."

अक्कोरू घरी गेल्या. पुढे एकदा वाचनालयात कुणी नसताना त्या मला म्हणाल्या, "विहिरीचं मला वाईट वाटलं, मोगऱ्याचं वाटलं, तुम्ही तिच्याकडे गेलात त्याचं तर वाटलंच. पण ती 'सुचेल काहीतरी' म्हणाली ना, तेव्हा जे पोटात जळलं ते अजून विझलेलं नाही. मी जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेलंच वाचलं, मंदा. आणि ही बाई आळ्यातलं तण काढता काढता माणसं उभी करते."

दुसऱ्या दिवशी चारला त्या कस्तूरीच्या फाटकातून आत आल्या आणि पायरीवर बसल्या. चन्नव्वानं जागा दिली नाही. आठवडाभर ती त्यांच्याशी बोललीही नाही. कोकमाचं पाणी आलं ते अक्कोरूंनी घेतलं आणि कस्तूरीकडे बघत बसल्या, परीक्षेला बसवलेल्या मुलीकडे बघावं तसं.

कस्तूरी म्हणाली, तुळसानं चटणी ताटाच्या कडेला सारली, लहानपणी सारायची तशी, आणि काशीनं तिला ओळखलं.

"आणि बोलली?" अक्कोरूंनी विचारलं.

"बोलली. 'अक्का' म्हणाली."

"नाही म्हणायची. घर सोडून गेलेली ती, वीस वर्षं एक पत्र नाही. ती आत निघून जाईल. थोरलीला उठावं लागेल."

कस्तूरीनं मोगऱ्याची दोन फुलं उगाच खुडली. "खरंय तुमचं," ती म्हणाली. "बरं, मग ती आत गेली..."

गोष्ट ज्येष्ठ अर्धा होता होता संपली. आभाळ भरून यायला लागलं होतं, आठवडाभराच्याच दुपारी शिल्लक होत्या. तेव्हा अक्कोरूंनी आपल्या कट्ट्यावर चटया घातल्या आणि सगळ्यांना निरोप धाडला की पुस्तकातला दुसरा भाग वाचणार आहे, यायचं असेल त्यांनी यावं. सगळ्या गेल्या. चन्नव्वासुद्धा गेली, सूप घेऊन. कस्तूरी सगळ्यात पुढे बसली.

अक्कोरू वाचत गेल्या, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. शंभरावं पान आलं. काशीचा हात तुळसाच्या हातात होता. कस्तूरीनं आधी डोळे पुसले, मग पदर तोंडात धरला, मग तिला हुंदका आवरेना. इंदक्का तिची पाठ चोळायला लागली.

"आता पुरे करा, अक्कोरू," चन्नव्वा म्हणाली. "बाईकडे बघवत नाही."

अक्कोरूंनी ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून कस्तूरीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्या सबंध वैशाखात पाहिलं नव्हतं.

"तुझ्या गोष्टीत कुणी रडलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

कस्तूरीनं नाक पुसत मान हलवली. तिचं रडणं ओसरेपर्यंत अक्कोरू थांबल्या आणि मग पुढची ओळ वाचायला लागल्या.