वरून येणाऱ्याने बघायचं असतं

“स्कीइंग करताना तुम्ही पडलात, असं मला कळलंय,” सर्जन बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर माझ्या डाव्या गुडघ्याचा सीटी स्कॅन होता.

“मी पडले नाही,” मी म्हणाले. “मला एकजण येऊन धडकला. वरून.”

त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. “मला ते पटतंय. नुसतं पडूनही हे हाड मोडतं, पण इतकं खचायला बाजूने मोठा मार लागतो. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला गाडीचा बंपर लागला, की आम्हाला असाच गुडघा बघायला मिळतो.”

मग त्यांनी नाव सांगितलं. टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. त्याचं वरचं टोक सपाट असतं आणि त्यावर मांडीचं हाड टेकतं. त्या सपाट भागाला प्लॅटो म्हणतात. माझ्या प्लॅटोची बाहेरची बाजू तडकून खाली दबली होती. ऑपरेशन लागणार होतं, पण सूज उतरल्याशिवाय करता येणार नव्हतं. त्यानंतर बरेच आठवडे तो पाय जमिनीवर टेकवायचा नव्हता.

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य घोळत होतं. ‘तुम्ही पडलात.’ हे कुणी सांगितलं ते मला माहीत होतं. तो बाहेर वेटिंग रूममध्ये बसून माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धीर देत होता.

त्याचं नाव निखिल. माझा नवरा मंदार आणि तो पुण्यात कॉलेजात एकत्र होते. इथे परदेशात आम्ही बॉथेलला राहतो, निखिल आणि त्याची बायको ऋचा जवळच बेलव्ह्यूला. ऋचा माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. दिवाळी एकत्र, लाँग वीकेंड एकत्र, आणि हिवाळ्यात बर्फात जाणंही एकत्र.

मी मूळची नागपूरची. बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलेला. माझी मुलगी इरा इथेच जन्मलेली, लहानपणापासून सराईतासारखी स्की करते. तिच्यासोबत चार तास घालवता यावेत म्हणून मी चाळिशी उलटल्यावर शिकायला लागले. रीतसर क्लास लावला. शिकवणारी मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “तुमच्या खाली जो आहे, त्याचा हक्क पहिला. त्याला मागे डोळे नाहीत. वरून येणाऱ्याने बघायचं, वरून येणाऱ्याने वेग आवरायचा.” थांबायचं तर कडेला थांबायचं, उंचवट्याच्या आड थांबायचं नाही, पुन्हा निघताना आधी वर बघायचं. मी हे सगळं शाळकरी पोरीसारखं पाळत होते.

निखिलने क्लास कधीच लावला नाही. त्याला वेग आवडतो. “यार, स्की म्हणजे फील आहे, ते काय शिकायचं असतं?” असं तो म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

त्या दिवशी मी सोप्या उतारावर होते, नवशिक्यांच्या. हळूहळू तिरकी डावीकडे चालले होते. इरा खाली माझी वाट बघत उभी होती. मंदार अजून वर नेणाऱ्या लिफ्टवर होता. निखिल बाजूच्या अवघड उतारावरून सुसाट आला आणि वेग कमी न करता आमच्या उतारात शिरला. मला मागून त्याची हाक ऐकू आली, “लेफ्ट! लेफ्ट!” तो माझ्या डावीकडून जाणार होता की मी डावीकडे व्हायचं होतं, हे मला कळायच्या आत त्याची स्की माझ्या गुडघ्यावर बसली होती. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तो मी ऐकला.

तो उठला, कपडे झटकले, आणि त्याचे पहिले शब्द होते, “अगं, मी ओरडलो होतो ना!”

इरा स्की काढून हातात घेत धावत वर आली. कुणी न सांगता तिने त्या दोन्ही माझ्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना लांबूनच कळावं की इथे कुणीतरी पडलंय. मग माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती फक्त चौदा वर्षांची आहे.

स्की पट्रोलची, म्हणजे तिथल्या गस्तीची माणसं घसरगाडी घेऊन आली. उतारावर जखमी झालेल्यांना खाली नेण्याचं काम त्यांचं. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, “काय झालं?” मी तोंड उघडण्याआधीच निखिल म्हणाला, “शी फेल डाउन. शी इज अ बिगिनर.”

“बट काका, यू...” इराने सुरुवात केली.

“बेटा, यू वेअर फार अवे. तुला दिसलं नाही नीट.” त्याने हे अगदी प्रेमळ आवाजात म्हटलं.

इरा गप्प झाली. मला वेदनेने मळमळत होतं, बोलायला श्वास पुरत नव्हता. पण तिचं मिटलेलं तोंड मला दिसलं. हाड मोडल्याचा राग नंतर आला. पहिला राग आला तो याचा.

हॉस्पिटलात त्यांनी माझ्या पायाला एक्सटर्नल फिक्सेटर लावला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना घालतात, त्या कातडीतून बाहेर येतात, आणि बाहेरून दांड्यांनी जोडतात. सूज उतरेपर्यंत हाडं जागेवर राहावीत म्हणून. आपल्याच पायाकडे बघताना बांधकामाची परांची दिसत असल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवसांत नर्स सारखी येऊन माझी बोटं हलवून बघायची, पोटरी दाबायची. तिला भीती होती कंपार्टमेंट सिंड्रोमची. म्हणजे आत इतका दाब वाढतो की स्नायूंना रक्तच मिळेनासं होतं. “गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, तर लाजू नका, ओरडा,” ती म्हणाली. ओरडायला मला आवडलंच असतं. फक्त तिच्यावर नाही.

तिथे पडल्या पडल्या मी फोन उघडला. आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर निखिलचा मेसेज होता. ‘अनुजा स्कीइंग करताना पडली, छोटासा ॲक्सिडेंट. शी इज अ फायटर!’ खाली फुलं, बदाम, हात जोडलेले. कुणीतरी लिहिलं होतं, या वयात कशाला हे उद्योग?

मी मंदारला म्हणाले, “तू खरं काय ते लिही.”

“जाऊ दे ना, अनुजा. त्याने मुद्दाम थोडंच केलं? तू आधी बरी हो.”

“मुद्दाम नाही केलं. पण खोटं तर मुद्दामच बोलला ना?”

मंदार खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याच्या वीस वर्षांच्या मैत्रीपुढे माझा गुडघा उभा होता आणि मला दिसत होतं की त्याला दोन्ही नीट दिसत नाहीयेत. मी त्याच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

सूज उतरल्यावर ऑपरेशन झालं. सर्जन बाईंनी खचलेला भाग उचलून खाली हाडाची भर घातली, बाजूने प्लेट बसवली, स्क्रू मारले. शुद्धीवर आले तेव्हा त्या म्हणाल्या, “जागा छान जुळली आहे. आता घाई करून माझं काम बिघडवू नका.” मला त्या आवडल्या. त्यांनी मला एकदाही फायटर म्हटलं नाही.

घरी आल्यावर दिवाणखान्यातच पलंग टाकला, कारण झोपायच्या खोल्या वर. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन घ्यायचं होतं, ते मंदार द्यायचा. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत बाथरूमपर्यंत जायचं, आणि परत आलं की घामाने अंग ओलं. आंघोळीला खुर्ची. मधूनच रडू. शेजारच्या काकू वरणभात आणून देत होत्या, तो गिळवत नव्हता.

आणि मग एका शनिवारी दुपारी ते सगळे भेटायला आले. निखिल, ऋचा आणि ग्रुपमधलं आणखी एक जोडपं. हातात बुके, केक. ऋचा माझ्याजवळ बसली, पण माझ्या नजरेला नजर देईना. चहा झाला. दुसऱ्या जोडप्याने विचारलं, नक्की झालं तरी काय? मी बोलणार इतक्यात निखिलने सुरुवात केली. “अरे, बिगिनर्सचं असंच होतं. ही मध्येच थांबली, बॅलन्स गेला. मी वाचवायला गेलो तर मीही पडलो. लकी की मी तिथे होतो.”

वाचवायला गेलो! मी चहाचा कप खाली ठेवला.

इरा जिन्यात बसली होती. ती उठून खाली आली. निखिलसमोर उभी राहून म्हणाली, “नो, काका. यू हिट हर.” तिचा आवाज कापत होता. “आई वॉज मूव्हिंग, आणि ती खाली होती. यू वेअर अपहिल. तुम्ही थांबायचं होतं. मी बघितलं. आय सॉ द होल थिंग, अँड यू टोल्ड मी आय डिडन्ट.”



निखिलने मंदारकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. “काय रे, मोठ्यांशी असं बोलायला शिकवलंय का तुम्ही हिला?”

“हो,” मी म्हणाले. “शिकवलंय.”

मग मंदार बोलला. मला वाटलं होतं तो विषय बदलेल. पण तो इराच्या शेजारी जाऊन उभा राहिला. “निखिल, ती बरोबर बोलतेय. तिची माफी माग. अनुजाची नंतर माग, आधी इराची.”

निखिलचा चेहरा लाल झाला. “ॲक्सिडेंट होतात यार! कोर्टात उभं केल्यासारखं काय करताय?” तो उठला, जोडे घातले आणि गाडीत जाऊन बसला. ऋचा त्याच्या मागून गेली. उरलेल्या दोघांनी केक तसाच टेबलावर ठेवून काढता पाय घेतला. दार लागल्यावर इरा माझ्याजवळ येऊन रडली, इतके आठवडे साठवलेलं रडली. “मला वाटलं, मीच चुकीचं बघितलं,” ती म्हणाली. एका मोठ्या माणसाच्या एका वाक्याने माझ्या पोरीला आपल्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली होती.

पुढे फिजिओथेरपी. गुडघा वाकवायचा आणि त्यातून ठिणग्या पडाव्यात तसं दुखायचं. मांडी इतकी बारीक झाली होती की ती माझी वाटेना. फिजिओ म्हणायची, “आज कालपेक्षा थोडं जास्त, बस.” मी दात ओठ खाऊन वाकवायचे. खरं सांगते, त्या वेळी रागाचा मला फार उपयोग झाला. लोक सांगतात, राग सोडा म्हणजे लवकर बरं वाटतं. मी नाही सोडला. त्यावर टेकून मी चालायला शिकले.

ग्रुपमधली बोलावणी कमी झाली. ‘अनुजा फार ताणतेय’ असं कानावर आलं. ताणतेय तर ताणतेय. ऋचा मात्र एके दिवशी एकटीच आली. दारातच म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याने गाडीत सांगितलं होतं मला.” मी तिला आत घेतलं. ठीक आहे, असं म्हणाले नाही, कारण ठीक नव्हतं. ती अजून येते. आमच्यात आता निखिलचं नाव निघत नाही. त्याने माफी मागितलेली नाही. मीही वाट बघत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर धडकणाऱ्याला तिथेच थांबवून घ्या. काय झालं ते स्की पट्रोलच्या माणसांना स्वतः सांगा; बोलवत नसेल तर ज्याने पाहिलं त्याला बोलू द्या, मग तो लहान का असेना. डॉक्टरांना मार कुठून लागला ते सांगा, त्यांना ते हवं असतं. ‘ॲक्सिडेंट होतात’ हे वाक्य म्हणायचं की नाही, ते ज्याला लागलं त्याने ठरवावं. ज्याच्यामुळे लागलं त्याने नाही. आणि तुम्ही वर असाल, वेगात असाल, तर ओरडणं म्हणजे ब्रेक नव्हे. पुढचा माणूस कुठे वळेल हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून जागा सोडून जा, नाहीतर थांबा.

शेवटच्या तपासणीला सर्जन बाई म्हणाल्या, “हाड भरलंय. पण त्या गुडघ्यात पुढे आर्थ्रायटिस होण्याची शक्यता आहे.” म्हणजे सांध्याची झीज, लवकर. मग विचारलं, “परत बर्फात जाणार?”

“विचार करतेय,” मी म्हणाले.

“पाय तयार आहे. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा.”

पुढच्या हिवाळ्यात मी गेले. तोच सोपा उतार. वर पाहिलं, कडेने हळूच निघाले. एक बुवा माझ्या अगदी जवळून सणकन गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच अनोळखी माणसाला भर चौकातल्यासारखी नागपुरी शिवी हासडली. त्याला काय कळणार होतं. पण मागून इराचं खळखळून हसणं ऐकू आलं.

ती माझ्या मागेच होती. जिला तो उतार दोन वळणांत संपवता आला असता, ती पूर्ण वेळ माझ्या वरच्या बाजूला, अंतर राखून, माझ्याइतक्याच गोगलगायीच्या गतीने येत होती. मी वळले की ती थांबायची. मी थांबले की तीही थांबायची.

अर्ध्या उतारानंतर मी मागे बघणं सोडून दिलं. खाली झाडं होती, दूर लिफ्टची रांग होती, आणि मी समोर बघत उतरले.