बटणावरचा अंगठा

देवाशी माझं बोलणं त्या वर्षी बंद होतं. भांडण नव्हतं, नुसता शीण होता. पत्नीच्या छातीचं ऑपरेशन, नागपूरच्या दवाखान्यातले दोन महिने, व्हरांड्यातली झोप. हात जोडायचंही जड वाटे. साकोलीत मी मोटर वाइंडिंगचं काम करायचो. शेतातल्या पंपांच्या, राइस मिलच्या जळालेल्या मोटरींत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असा ताठाही होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, धूळ आणि गार वारा हिला लागू देऊ नका, पुन्हा ताप भरला तर आमच्या हाती काही राहणार नाही. ते ऐकून मिलच्या मालकांनी आपली गाडीच माझ्या हवाली केली. मुंबईहून जुनी घेतलेली, परदेशी. तिच्या काचांना हँडल नव्हतं. दोन सीटांच्या मधलं बटण दाबलं की त्या वर-खाली व्हायच्या.

तिला घरी आणायला निघालो ती पौषातली सकाळ होती. वाटेत तिला मळमळलं म्हणून तिच्या बाजूची काच खाली केली, मग थांबून ओकारीसाठी दारही उघडलं. शहापूर आलं तरी ती काही वर येईना. ट्रकांची धूळ आणि बोचरं वारं सरळ तिच्या अंगावर. दारात चादर अडकवली, ती फर्लांगभरही टिकली नाही. शेवटी गाडी कडेला घेतली.

पान्यांची थैली जवळ होतीच. दार सताड उघडलं, आतला पत्रा काढला, काच चढवणारी इवलीशी मोटर बाहेर घेतली. दीड तास खोलून पाहिली. वाइंडिंग ठीक, ब्रश ठीक. पुन्हा बसवली आणि हिला म्हटलं, "बटण दाबून ठेव." काच हलली नाही. मी पाना टाकला आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसलो. ती खोकत होती. लाज सोडून सांगतो, मला रडू आलं. मनात म्हटलं, माझ्याच्यानं आता होत नाही, तुला काय करायचं ते कर. यात भक्ती कसली, हातपाय गळालेला माणूस बोलला, एवढंच.

तेवढ्यात डोक्यावर भाताच्या तणसाचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली. गाडीत डोकावली आणि माझ्यावरच करवादली, "काहून जी, दार उघडं टाकून बसले? बाईले वारा लागून राहिला ना! आधी दार लावा बापा."

खरंच की! ज्या वाऱ्यापासून तिला जपायचं, त्याच वाऱ्यात मी तिला दीड तास बसवून ठेवलं होतं. वाद घालायलाही बळ नव्हतं. उठलो आणि दार लोटलं. खट्ट आवाज झाला आणि काच घरघरत वर चढू लागली, थेट वरपर्यंत.

दुसऱ्या बाजूनं आत शिरून पाहतो तो तिचा अंगठा बटणावरच होता, दाबून दाबून पांढरा पडलेला.

"अजून दाबूनच होतीस?"

"तुमीच म्हणलं ना, दाबून ठेव. सोड म्हणलंच नाई, मंग सोडू कशी?"

म्हातारी काही अदृश्य वगैरे झाली नाही. भारा सावरत बांधावरून गावाकडे गेली. मी हात जोडले ते तिला दिसलेही नसतील.

दुसऱ्या दिवशी दाराच्या बिजागरीपाशी तुटलेली तार सापडली. दार उघडलं की तिची टोकं दुरावायची, नीट लागलं की जुळायची; ओकारीनंतर ते अर्धवटच लागलं होतं. मोटरवाल्याला मोटरच दिसते, म्हणून जे धड होतं तेच मी खोलत बसलो. पण त्या बाईनं नेमकं तेव्हाच यावं, ही योजना कुणाची, ते मी विचारत नाही. पत्नीला ताप आला नाही, मला तेवढं पुरे.

त्या संध्याकाळी दोन महिन्यांनी देवघरात दिवा लावला. मागणं काही सुचेना. मग एवढंच म्हणालो, देवा, काच हलो न हलो, तू सोड म्हणेपर्यंत माझाही अंगठा तिच्यासारखाच बटणावर राहू दे.