उलटं टांगलेलं चित्र

आमच्या यांना सगळी गल्ली पणकाका म्हणते. फ्रेमच्या दुकानावर पाटी आहे, तिच्यावर नाव दुसरंच आहे, पण ते वाचतो कोण? कुणी चित्र घेऊन आलं की हे आधी म्हणणार, "छान आहे." तो बिचारा खुलला न खुलला तोच पुढचा शब्द, "पण". मी कितीदा म्हटलं, अहो, तुमचं काम पट्ट्या कापायचं, काच बसवायचं. कुणाचं झाड वाकडं आणि कुणाची गाय लंगडी, तुम्हाला कशाला नसत्या चौकशा? ऐकतील तर शपथ!

आणि नुसतं बोलून भागायचं नाही, त्याची रीतच ठरलेली. मागच्या भिंतीवर एक रिकामी चौकट टांगलेली. चित्र तिच्यात अडकवायचं, तेही उलटं, डोकं खाली पाय वर. मग स्टुलावर बसून चहा संपेपर्यंत बघत राहायचं. "सरळ धरलं की आपण चित्रातल्या बाईचं तोंड बघत बसतो. उलटं धरलं की चित्र दिसतं," असं यांचं म्हणणं. चहा संपला की एकच चूक सांगायची. दुसरी दिसली तरी गिळायची. "दोन सांगितल्या तर माणूस दोन्ही विसरतो आणि अपमान तेवढा लक्षात ठेवतो." चूक सुधारून आणली की मग फ्रेम. बरीच गिऱ्हाइकं तणतणत समोरच्या दुकानात जायची. जी परत यायची ती मात्र कायमची आमची.

फक्त एका तऱ्हेच्या गिऱ्हाइकाला हे कधी 'पण' म्हणत नसत. घरातलं कुणी गेलेलं, आणि त्याचा फोटो घेऊन कुणी आलेलं. तो फोटो उलटा होत नसे, चहा येत नसे. फोटो हललेला असो, अर्धा कान कापला गेलेला असो, "छान आहे" एवढंच म्हणायचं आणि मुकाट्याने पट्टी कापायला घ्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथे आता काय सुधारायचंय?"

माझी धाकटी बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तीच, आणि सगळ्यात भांडकुदळही तीच. चित्र स्वतःच उलटं अडकवायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "हं भाऊजी, काढा तुमचा पण!"

"छान आहे, पण तुझी नदी चढावर निघालीय."

"नदी बरोबर आहे. तुमचं स्टूलच तिरकं आहे!"

झालं, जुंपायची दोघांची. मी आतून ओरडायची, अरे हळू, रस्त्यावरची माणसं बघतायत. ती पाय आपटत निघून जायची आणि चार दिवसांनी नदी उतारावर आणून परत हजर. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या स्वयंपाकाला यांनी इतकं लक्ष देऊन कधी नावंही ठेवली नाहीत.

मग धाकटीला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. खायची नाही, बोलायची नाही. आणि एक दिवस तिने डाव्या हाताने ब्रश मागितला. आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. चित्र काढत होती तोवर ती जेवत होती, इतकं ते सरळ होतं.

पहिलं चित्र पुरं झालं तशी भाची एकटीच दुकानात आली. "काका, पाया पडते तुमच्या. उद्या आईला घेऊन येतेय. तिला 'पण' म्हणू नका. डॉक्टर म्हणालेत, तिचं मन मोडेल असं काही करू नका."

"अगं, तिला तेच तर हवं असतं," हे म्हणाले.

"पूर्वी हवं असायचं. आता ती ती राहिलीय का?" आणि पोरगी रडायला लागली. रडणाऱ्या बाईपुढे हे आधीच गळपटतात. म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी धाकटी चाकाच्या खुर्चीतून आली. मांडीवर चित्र. खिडकी आणि खिडकीत एक किटली. रंग फुटलेले, रेघा थरथरलेल्या, ते चालायचंच. पण किटली कट्ट्यावर टेकलेलीच नव्हती, चक्क अधांतरी. मला दिसलं, म्हणजे बघा!

यांनी चित्र हातात घेतलं. सरळच धरलं. "छान आहे," म्हणाले.

ती वाट बघत राहिली. भाचीने श्वास रोखलेला. हे वळले, दुकानातली सगळ्यात चांगली पट्टी काढली आणि करवत लावली.

"उलटं नाही धरलंत," धाकटी म्हणाली. एकेक शब्द ओढत.

"नको गं. छान आहे."

तिने भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, मग यांच्या हातातल्या पट्टीकडे. "एवढी गेले का मी, भाऊजी?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस!" भाची म्हणाली. करवत पट्टीतच अडकून राहिली.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच चित्र काखोटीला मारून तिच्या घरी गेले. मीही मागोमाग. तिच्या पलंगासमोरच्या खिळ्याला यांनी चित्र उलटं लटकवलं, चहा मागितला, सगळा प्याले आणि म्हणाले, "छान आहे, पण तुझी किटली हवेत तरंगतेय."

ती अर्ध्या तोंडाने हसली. "काल छान म्हणालात, मला बरं वाटावं म्हणून. आज 'पण' म्हणताय, तेही मला बरं वाटावं म्हणून. आता तुमचं खरं कुठलं, ते मला कसं कळायचं?"

"अगं, खरंच तरंगतेय! डोळे आहेत ना तुला?" हे जवळजवळ ओरडलेच. तिने भांडावं म्हणून ओरडले, मला कळत होतं.

ती भांडली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ब्रश परत हातात धरला नाही, आणि पुढे पुढे चमचाही धरेना. वर्ष सरायच्या आत गेली. भाचीने फोटो आणून दिला. यांनी मुकाट्याने पट्टी कापली.

आता धंदा झक्क चाललाय. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा आमच्याकडे येतात. काका किती गोड बोलतात म्हणे! कुणीही काहीही आणो, हे सरळ धरतात, "छान आहे" म्हणतात आणि पट्टी काढतात. भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीत आता कॅलेंडर आहे.

परवा मला राहवलं नाही. जन्मात कधी पेन्सिल धरली नाही, पण बसले आणि मांजर काढलं. पाय पाच, शेपूट मानेजवळून निघालेलं. मुद्दाम काढलं. म्हटलं, एवढं बघून तरी हा माणूस चिडेल, माझ्यावर खेकसेल. चहा केला, कप स्टुलावर ठेवला आणि कागद यांच्या हातात दिला. कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "हं, काढा तुमचा पण."

यांनी बराच वेळ पाहिलं. सरळच धरून.

"छान आहे," म्हणाले, आणि पट्टी कापायला उठले.