चौथ्या मजल्यावरची मळकी काच

सबनीस साहेब पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, ते बसलेच नाहीत. थेट स्वयंपाकघरात शिरले, गॅसची नळी वाकवून पाहिली, बदलायला झाली आहे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "वहिनी, पदर खोचा. शेगडीवर लोळतोय." परका माणूस, पहिलीच भेट. मी इतकी ओशाळले की चहात साखर घालायची राहिली. त्यांनी तो तसाच मुकाट्याने प्यायला. साखर नसल्याने कुणाला इजा होत नाही, असा हिशेब केला असणार.

तळोज्याला एका रसायनांच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर होऊन आमच्या रोडपालीच्या सोसायटीत आले, पण नोकरी काही अंगातून गेली नाही. वॉचमन दिवा बदलायला शिडीवर चढला की हे खाली शिडी धरून उभे. लग्नाच्या हॉलमध्ये गेले की वधूवरांना भेटण्याआधी बाहेर पडायचं दार शोधणार, आणि दारासमोर खुर्च्या रचलेल्या दिसल्या तर आहेराचं पाकीट दातात धरून त्या हलवणार. "आधी पाय कुठे ठेवलाय ते बघा," हे त्यांचं सदाचं वाक्य. आमची पोरं त्यांची नक्कल करायची, आम्हीही तोंडाला पदर लावून हसायचो. पण ऐकायचोही बरं का. आग लागली तर बाहेर कुठून पडणार, असं त्यांनी विचारलं म्हणून दिवाणखान्याच्या खिडक्यांना कुणी लोखंडी जाळ्या बसवल्या नाहीत.

कारखान्यातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. रसायनाच्या टाकीत साफसफाईला माणूस उतरला की त्याच्या कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. "खांबाला बांधायचं नाही, वहिनी. खांबाला डोळे नसतात." "माझ्या पाळीत एकटा कुणी आत गेला नाही," हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

तीनेक वर्षं झाली असतील. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी आग लागल्याची तालीम ठेवली. भोंगा वाजला, लिफ्ट त्यांनी स्वतः बंद करवली, आणि आम्ही सगळे जिन्याने खाली. माझ्या गुडघ्यांनी त्यांना काय काय म्हटलं ते मलाच ठाऊक. खाली मैदानात त्यांनी एकेका घराचं नाव पुकारलं, कोण आलं कोण राहिलं पाहिलं, जोशांच्या मांजरीचीसुद्धा चौकशी केली. मग समाधानाने म्हणाले, "इमारत रिकामी."

तेवढ्यात कुणीतरी वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या बाहेर, सज्ज्याच्या कडेवर एक बाई उभी होती. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्याने काच पुसत होती. पाय ओले.

"कुणाचं घर ते?" साहेब संतापून म्हणाले.

त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मान खाली घातली. साहेबांनी मजले मोजले, खिडक्या मोजल्या, आणि त्यांचा चेहराच उतरला. एकाने वर हाक मारायला तोंड उघडलं, तर त्याचा दंड धरून हळूच म्हणाले, "ओरडू नका, दचकेल." आणि जिन्याकडे पळाले. लिफ्ट बंद होती ना. मीही मागून धापा टाकत गेले, का गेले ते सांगता येणार नाही.

त्यांच्याच घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. साहेब खिडकीशी जाऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तारा, मी आलोय. हात दे." त्यांनी मनगट धरलं, मी दंड धरला, आणि तिला आत घेतलं. त्यांच्या कामवाल्या ताराला वाटलं, घरात काही चोरीला गेलं म्हणून धरलं. साहेब फरशीवरच बसले. भोंगा ऐकला नाहीस का, त्यांनी विचारलं.

"आयकला की. पन तो सोसायटीवाल्यांचा हाय ना, आमचा नाय."

मग तिला बाहेर कुणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं. तिला त्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"पाठवाला कशाला पायजे? दर दिवालीला करतेच. तुमी पेपर वाचत बसता नं, उठून खुर्ची तुमीच देता मना चढाला."

बोलण्यात तक्रार नव्हती, हेच अवघड होतं. साहेबांनी खुर्ची खिडकीपासून ओढून घेतली. मग म्हणाले, "तिथे मी दोरी धरून उभा राहायचो, वहिनी. इथे पेपर धरला." तारा माझ्याकडेही काम करते. आदल्याच दिवशी तिने माझ्या काचा पुसल्या होत्या, आणि मी तिला चहा देऊन म्हटलं होतं, काय लखलखीत केल्यास गं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत ते उभे राहिले. कामाच्या बायकांना खिडकीबाहेर पाठवू नका, एवढंच म्हणाले. मागून कुणीतरी बोललं, "साहेब, घर म्हणजे काय कारखाना आहे का?" सगळे हसले. एरवी त्यांनी त्या माणसाला अर्धा तास सोडलं नसतं. त्या दिवशी खाली बसले. त्यानंतर त्यांनी कुणाला पदर खोचायला सांगितलं नाही, लग्नाच्या हॉलमध्ये दार शोधलं नाही. ताराला मात्र काचा आतूनच पुसायला लावायचे, आणि ती पुसत असताना शेजारी उभे राहायचे, हात मोकळे ठेवून. बाहेरच्या बाजूला तळोज्याकडच्या वाऱ्याची काळपट धूळ साचत गेली.

गेल्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. भेटायला गेलो तेव्हा दिवाणखान्यात उजेडसुद्धा मळकाच येत होता. तारा सुमनवहिनींना म्हणाली, लोक येतात, काच पुसून घेऊ का बाहेरून? वहिनी म्हणाल्या, "नको. त्यांची आहे ती. राहू दे."

यंदाच्या दिवाळीत आमची इमारत चकाचक झाली. कशी झाली ते तुम्हाला कळलंच असेल. ताराला बाहेर जाऊ नको, असं मी म्हटलं होतं. सुनेने खुर्ची दिली. खुर्ची सरकल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. कढईत करंज्या होत्या, आणि मी त्या तळत राहिले.

परवा नव्याने राहायला आलेली एक मुलगी खाली माझ्याशेजारी उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "काकू, सगळ्यांच्या काचा किती स्वच्छ, चौथ्या मजल्यावरचीच तेवढी घाण. कुणाचं घर ते?"

नाव अगदी जिभेवर होतं. मी माझ्या पायांकडे बघत उभी राहिले.