देव मावशींचे, घर भाड्याचं

"काका, आजी परत आत आल्या. सरळ किल्लीनं!"

वर्षाचा फोन होता. ती नर्स, साताऱ्याकडची. नाइट ड्युटी करायची, दिवसा झोपायची. नेरूळ गावातला वन बीएचके तिला मीच मिळवून दिलेला. मी एजंट, भाड्याचे करार करून देतो.

आजी म्हणजे घरमालकीण, नंदामावशी. त्या मुलाकडे राहायला गेल्या, पण हॉलच्या भिंतीत सासूनं बसवलेला देव्हारा तिथंच राहिला. त्यातले चांदीचे टाक जागचे हलवायचे नाहीत, असा घरचा दंडक. म्हणून रोज सकाळी मावशी दिवा लावायला हजर. बेल नाही, हाक नाही. झोपलेल्या एकट्या पोरीच्या छातीत धस्स होणार नाही तर काय?

दुसऱ्या दिवशी वर्षानं आतून कडी घातली. मावशी दार बडवायला लागल्या, जिन्यात माणसं जमली आणि मला बोलावणं आलं.

"मावशी, असं न सांगता नाही जाता येत."

"माज्याच घरान मना बेल वाजवाची? देव हाय तो. दिवा लावाला पन इचाराचं?"

मी करार काढला. घर मालकाचंच, पण करार आहे तोवर राहायचा हक्क भाडेकरूचा. मालकाला यायचं तर आधी कळवायचं, तिची सोय बघायची. पाइप फुटला, आग लागली, तर गोष्ट वेगळी.

"म्हंजे आग लागली का मगच येवाचं मी?"

"संध्याकाळी या ना आजी, ड्युटीला जायच्या आधी," वर्षा म्हणाली.

मावशी ऐकतील तर शपथ! किल्ली माझ्या हातावर आपटली. "ठेव तुज्या कागदावर." गेल्या त्या पुन्हा फिरकल्या नाहीत.

कागदावर वर्षा बरोबर होती. पण तिला गल्लीत राहायचं होतं. शेजारणी तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या, देव कोंडला हिनं. पोरगी कंटाळली, नोटीस देऊन मोकळी झाली.

ताबा घ्यायच्या दिवशी मावशी आल्या त्या थेट देव्हाऱ्याकडे. दिवा जळत होता. टाक लख्ख घासलेले, पुढं जास्वंद.

"कोनी लावला?"

"मीच लावते रोज. आमच्या घरीपण टाक आहेत, आजी. अंधारात बघवेनात."

"मंग बोलली का नाय गो?"

"फोन केलेले. तुम्ही उचललेच नाहीत."

मावशींचे डोळे भरले. "रव ना गो मंग हितंच."

वर्षाही रडली. पण दुसऱ्या घराचा करार झाला होता, टेम्पो खाली उभा होता. मला फार वाईट वाटलं. दोघींचं एवढं जमलं असतं, आणि मी त्यांच्यामध्ये कलम वाचत बसलो होतो.

ते कलम मी अजूनही घालतो, ते हवंच. फक्त सहीच्या आधी मालकाला विचारतो, घरात तुमचं काय मागं राहतंय?

मावशींनी तो फ्लॅट पुन्हा भाड्यानं दिला नाही. परवा मार्केटात भेटल्या, हातात जास्वंदीची पुडी.

"आता कोनाला इचाराला नको, बाला," म्हणाल्या, आणि रिकाम्या फ्लॅटकडं दिवा लावायला निघाल्या.