डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं

लघवीला लाल झालं तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. मे महिना होता, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मी पाणी न पिणारी बाई. ही सवय शाळेने लावली. मी शिकवायचे त्या शाळेत बाईमाणसाला जायला धड जागा नव्हती, म्हणून सकाळी एक कप चहा घ्यायचा आणि मग घरी येईपर्यंत घोट नाही, अशी माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा उन्हाळी लागली असं म्हणून मी धण्याचं पाणी प्यायले. सब्जा झाला, कोकमाचं सरबत झालं. लाल थांबलं की वाटायचं, गुण आला. मग पुन्हा व्हायचं, पुन्हा थांबायचं. दुखत तर काहीच नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणं आमच्याकडे चोचले समजतात.

शिवाय सांगणार कोणाला? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा जहाजावर, बंदर आलं की फोन येतो, मधे समुद्र. आमच्या आळीतल्या नारळाच्या वाड्या एकेक करून मुंबईच्या लोकांनी घेतल्या, त्यांचे बंगले शनिवार-रविवार सोडले तर बंदच असतात. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून मी टीव्ही लावून ठेवते. बातम्या देणारी बाई ओरडत असते आणि मी तिच्याशी भांडते.

एक दिवस रक्ताच्या गुठळ्या पडल्या तेव्हा मात्र धण्याचं पाणी बाजूला ठेवलं. आमच्या गावातल्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि अलिबागला गेले. रिक्षावाला पन्नाशीचा, तोंडाची टकळी अखंड चालू. रस्त्यावरचे खड्डे, बंगलेवाले, मासळीचा भाव, कशावरही बोलेल. हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली आणि मला लघवीच्या डॉक्टरकडे पाठवलं. हा मुंबईचा, आठवड्यातून एकदा मांडव्याच्या बोटीने येणारा. पोरगेलासा, पँटचे पाय समुद्राच्या पाण्याने भिजलेले.

"आजी, सोबत कोण आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी याची आजी कधी झाले, ते मला कळलं नाही.

"कोणी नाही. मला सांगा."

त्याने मला नाही सांगितलं. मूत्राशयात गाठ दिसतेय, दुर्बीण घालून खरवडून काढू, तपासायला पाठवू, एवढंच म्हणाला. आणि भरती व्हायला घरचं माणूस लागेल, असंही. घरचं माणूस कुठून आणू? बाहेर रिक्षावाला उभा होता. मी त्याला आत बोलावलं आणि काउंटरवरच्या मुलीला बिनदिक्कत सांगितलं, "हा माझा भाचा." तो गडबडला, पण सही केली. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि म्हातारपणी एक अख्खा भाचा बनवला. तेव्हा मला त्याची गंमतच वाटली होती.

गाठ काढून तपासायला गेली, आणि ती गंमत अंगाशी आली रिपोर्टच्या दिवशी. मी केबिनमध्ये जाऊन बसले. डॉक्टरने कागद वाचले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, जरा बाहेर सिस्टरकडून बीपी बघून घ्या. आणि भाच्याला आत पाठवा."

बीपी बघायला कितीसा वेळ लागतो! उरलेला वेळ मी बाकावर बसून बंद दाराकडे पाहत होते. आत माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि मी बाहेर, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखी. इतका राग मला क्वचितच आला असेल. रागाच्या खाली भीती होती, पण तेव्हा रागच बरा वाटत होता.

रिक्षावाला बाहेर आला तो खाली मान घालून. परतीच्या वाटेवर एवढे खड्डे गेले, एकालाही शिवी नाही.

"काय म्हणाला डॉक्टर?" मी शेवटी विचारलं.

"काय नाय बाई. औषध देनार हाय. होईल बरा."

"खरं सांग."

"डॉक्टरनी सांगितलाय, बाईंना येवढ्यात काय सांगू नका. मी हो बोललोय."

"अरे, पण तू माझा भाचा नाहीस!"

"तसा नाय," तो म्हणाला, "पन हो बोललोय ना."

आता याच्यापुढे काय डोकं आपटणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर दोन शहाळी. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. न मागता आलेली शहाळी बघून मला जे समजायचं ते समजलं. माझा आजार सगळ्या जगात एकाच माणसाला माहीत होता, आणि तो माझा कोणीही नव्हता. तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. भाताचा घास तोंडात फिरायचा. टीव्हीवरच्या बाईशी भांडायलाही जोर नव्हता.

डॉक्टरच्या पुढच्या वारी मी केबिनमध्ये एकटी गेले आणि दार लावून घेतलं.

"भाचा कुठाय?" डॉक्टरने विचारलं. "मी त्यांना सगळं समजावलंय, आजी."

"तो भाचा नाही. रिक्षावाला आहे," मी म्हणाले. "खोटं मी बोलले, ती चूक माझी. पण तुम्ही माझा कॅन्सर रिक्षावाल्याला सांगितलात, आणि मला बीपी बघायला पाठवलंत. आता मला सांगा. माझ्या घरात मी एकटीच आहे, म्हणजे घरचं माणूसही मीच."

कॅन्सर हा शब्द मी अंदाजाने टाकला होता. नाही हो, कॅन्सर कुठला, असं तो म्हणेल म्हणून क्षणभर थांबले. तो तसं म्हणाला नाही. त्याने पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर एक फुगा काढला. हे मूत्राशय. हे आतलं अस्तर. गाठ अस्तरात होती, जात जहाल आहे, पण स्नायूत शिरलेली दिसत नाही. पुन्हा एकदा दुर्बीण घालून खात्री करायची. मग दर आठवड्याला नळीने आत औषध सोडायचं, तान्ह्या बाळांच्या दंडावर टोचतात तीच बीसीजीची लस. ती दोन तास आत धरून ठेवायची.

"धरून ठेवण्याचं मला सांगू नका," मी म्हणाले. "जन्म त्यातच गेला." तो हसला नाही. बहुधा त्याला कळलंच नाही.

"आणि लसीने नाही भागलं तर?"

"तर मूत्राशय काढावं लागेल. पोटावर लघवीची पिशवी लावतात."

"ती पिशवी माझी मला बदलता येईल? एकटीला?"

त्याने पेन खाली ठेवलं. "शिकवू आम्ही. येते बऱ्याच जणांना." मग म्हणाला, "आजी, लस किती जणांना लागू पडते ते मी सांगू शकतो. तुम्हाला पडेल का, ते आज नाही सांगता येत."

मला हवं होतं तसं सगळं तोंडावर सांगून झालं. मी आभार मानले, कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि ताठ मानेने बाहेर आले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण एवढं मोठं कळलेलं घेऊन जायचं कुठे? मुलाचं जहाज कुठल्या समुद्रात होतं, तेही मला सांगता आलं नसतं.

रिक्षावाला झाडाखाली रिक्षा पुसत होता. मला बघून त्याने फडकं सीटखाली टाकलं.

"काय बोलले डॉक्टर?" त्याने विचारलं.

मी मागे बसले आणि सांगायला लागले. अस्तर, स्नायू, लस, पिशवी, सगळं पहिल्यापासून. त्यातलं बरंचसं त्याने आठवड्यापूर्वीच ऐकलं होतं. तरी त्याने मधे एकदाही "म्हाईत हाय" म्हटलं नाही. "अरे देवा," म्हणाला. "मंग?" म्हणाला. मान माझ्याकडे वळवून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पिशवीपाशी आले तेव्हा मला रडू फुटलं. माझं रडून होईपर्यंत त्याने रिक्षा सुरू केली नाही.