डोल्मानं सोडलेल्या रिकाम्या जागा

ताशीचा फोन आला तेव्हा मी कुडव्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एक लग्नपत्रिका जुळवत होते. "ताई, डोल्मा गेली," एवढंच म्हणाला तो. बहिणीच्या आजारपणात तोही पार थकला होता. मी पत्रिका तशीच टाकून बसून राहिले...

डोल्मा गोठणगावकडच्या तिबेटी वसाहतीतली. मुलांना शिकवायची. जन्म इथलाच, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. काही वर्षांपूर्वी ती पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आली. जंगल साफ करून वसाहत कशी उभी राहिली, सुरुवातीच्या वर्षांत तापानं कोण कोण गेलं, ते सारं तिच्या वडिलांनी तिबेटीत टाइप करून ठेवलं होतं. वडील वारले, छापलेली प्रत वाळवीनं खाल्ली. उरली ती फाइल. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चौकोन. फॉन्ट बदलला की झालं, असं मला वाटलं. पण तिबेटीत अक्षराखाली अक्षर रचतात आणि तेवढ्या जोडाक्षरांसाठी पूर्वी एकाऐवजी अनेक फॉन्ट लागत. कुणीतरी फाइल नव्या कॉम्प्युटरवर घेताना सगळ्याला एकच फॉन्ट लावून टाकला होता. आता पडद्यावरची एकच खूण चार-पाच वेगळी अक्षरं असू शकत होती. त्यातलं खरं कोणतं, हे मशीन सांगणार नव्हतं. अर्थ लावत एकेक ओळ हातानंच बसवायची होती.

रविवारी ती बसनं यायची. दिवसभरात कधी अर्धं पान व्हायचं, कधी तेही नाही. अडलं की वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना फोन. आधी डोळे दुखायचे, मग कंबर. मग ते दुखणं कंबरेचं नव्हतंच, असं कळलं... तरी यायची. तापात गेलेल्या एकाचं नाव दोन तऱ्हांनी वाचता येत होतं. मी वैतागून म्हटलं, "टाक ना कोणतंही एक. कोण पाहून राहिलं?"

"कायले टाकू? जो मेलाच नाही त्याले मारून टाकीन ना मी! राहू दे जागा खाली."

मग जिथं शंका, तिथं ती जागा सोडायची. शेवटची पानं राहिलीच.

तिच्यासाठीच्या प्रार्थना संपल्यावर ताशीनं वसाहतीत तिनं बसवलेली पानं वाचली. मला भाषा कळत नाही, पण तो थांबला की कळायचं, रिकामी जागा आली. अशाच एका जागेशी मागून एक म्हातारी काहीतरी बोलली. ती बरीच वर्षं मुलाकडे परगावी होती, डोल्माशी तिची गाठ पडली नव्हती. ताशीनं तिला पुन्हा विचारलं. "या आजीच्या भावाचं नाव आहे, ताई," त्यानं मला सांगितलं, आणि पेननं ते तिथं लिहिलं.

तो पुढे वाचू लागला. पुढच्या जागेशी थांबला, वाट पाहिली... कुणीच काही बोललं नाही.